एर्डोशची पैज, आणि धडधाकट माणसाला गोळी का नको?

रात्रकिडा: पॉल एर्डोश, हंगेरीचा गणिती. आई गेल्यावर १९७१ पासून गडी रोज मेंदूला तरतरी आणणाऱ्या गोळीवर, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनवर. १९७९ ला मित्राने, रॉन ग्रॅहमने, ५०० डॉलरची पैज लावली की महिनाभर गोळी सोडून दाखव. याने सोडली, पैसे घेतले आणि वर ऐकवलं की तुझ्यापायी गणित महिनाभर मागे पडलं. मग परत चालू. ८३ व्या वर्षी गेला, तोही वॉर्सॉत गणिताच्याच परिषदेला गेला असताना. आपण दिवसाला सहा कप चहा ढोसतो ते चालतं, मग डॉक्टरला विचारून जाणत्या माणसाने एक गोळी घेतली तर एवढी बोंब कशाला?

कडूजिरं: एक एर्डोश दाखवायचा आणि बाकीचे झाकायचे, बरंय. जपानमध्ये १९४१ ला मेथ, म्हणजे त्याच गोळीचा जहाल भाऊ, विकायला आलं हिरोपोन नावाने, ग्रीक शब्दावरून, अर्थ काय तर कामाची आवड! वैमानिक झाले, कारखान्यातले कामगार झाले, सगळे घ्यायचे, मग युद्ध संपलं आणि उरलेला साठा बाजारात आला, लोकं इंजेक्शनं टोचून घ्यायला लागली, शेवटी १९५१ ला कायदा करावा लागला. जर्मनीने १९४० च्या एप्रिल ते जुलैत फौजेला याच मेथच्या साडेतीन कोटी गोळ्या वाटल्या, पुढच्याच वर्षी अफूच्या कायद्यात टाकून त्यांच्यावर निर्बंध आणले.

आणि चहाशी तुलना नको. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणजे दमल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही, बास. अ‍ॅम्फेटामिन पेशीत शिरून डोपामिन, म्हणजे मेंदूतलं हुरूप देणारं रसायन, आत ओढणारा पंपच उलटा फिरवतं.

दोन_पोळ्या_जास्त: दोघांशीही असहमत. माझ्या मुलाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, त्यावर मिथाइलफेनिडेट हे औषध चालू आहे. ते पंप अडवतं, उलटा फिरवत नाही. भूक मात्र मरते, दुपारचा डबा तसाच परत येतो, भाजी सुकलेली, पोळीला हात नाही, आणि रात्री साडेआठला मात्र दोन पोळ्या जास्त. पण वर्गात पहिल्यांदा फळ्यावरचं पूर्ण उतरवून आणलं त्याने. असले धागे वाचून नातेवाईक म्हणतात पोराला ड्रग देतेस. आणि रात्रकिडा, तुमच्या हौसेच्या गोळीसाठी मला अजून दोन मेडिकल जास्त हिंडायला लावू नका, आत्ताच हे औषध मिळवायला तीन होतात.

रात्रकिडा: ताई, तुमच्याबद्दल काही म्हणणंच नाही. पण एर्डोशला तर फायदा झालाच ना?

कडूजिरं: कशावरून? त्या महिन्यात म्हणे कोरा कागद कोराच दिसायचा. अहो, आठ वर्षं रोज घेतलेली गोळी एकदम बंद केल्यावर दुसरं काय दिसणार? १९७१ च्या आधी पन्नाशी उलटेपर्यंत ढीगभर पेपर लिहिले होते, ते काय पैजेत मोजायचे नाहीत?

रात्रकिडा: हम्म. हा मुद्दा बरोबर आहे. तरी जाणत्या माणसाला बंदी नको या मतावर मी ठाम.

कडूजिरं: राहा. ताई, सकाळी गोळीच्या आधीच भरपेट खायला घालून बघितलंत का? भाचीच्या डॉक्टरनी तसं सांगितलं होतं.

दोन_पोळ्या_जास्त: घालते. थालीपीठ असेल तरच खातो.