टाकीत तेल किती उरलंय? हीटिंग ऑइल घेणाऱ्यांनो, अनुभव लिहा

नमस्कार मंडळी, दोन महिन्यांपूर्वी मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेतलं. त्याआधी पुणे आणि मग अपार्टमेंट, तिथे हीट भाड्यातच असायची त्यामुळे हा विषयच कधी आला नाही. इथे रस्त्यावर गॅसची लाईन नाही, तळघरात घर गरम ठेवायच्या तेलाची २७५ गॅलनची लोखंडी टाकी आहे आणि क्लोजिंगच्या, म्हणजे घर ताब्यात घ्यायच्या दिवशी त्यात उरलेल्या तेलाचे पैसेसुद्धा वेगळे मोजून घेतले आमच्याकडून. आता ऑक्टोबर लागला म्हणून काल चार ठिकाणी फोन केले, तर तेच तेल, तोच दिवस आणि दरात गॅलनमागे ७५ सेंटचा फरक! कुणाकडून घेता, पैसे कसे भरता, कुठे फसलात, सगळं येऊ द्या. कंपनीची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

*

कनेक्टिकट, अकरावा हिवाळा. पहिला आठवला की अजून काटा येतो. गेज अर्ध्यावर दिसत होतं म्हणून मी निवांत. हे गेज म्हणजे टाकीवरच्या प्लास्टिकच्या टोपीत वरखाली होणारा एक लाल तुकडा, तो अडकून बसलाय हे मला कुठून कळणार. जानेवारी, शनिवारची रात्र, बाहेर उणे १५ सेल्सियस, मुलगी आठ महिन्यांची आणि अडीच वाजता रेडिएटर गार. मी खाली जाऊन बर्नरचं लाल बटण दाबलं, चालेना म्हणून परत दाबलं, मग परत. हे अजिबात करू नका, एकदा दाबून नाही चाललं तर सोडून द्या, नाहीतर न जळलेलं तेल आत साचतं आणि मग पेटलं तर भडका. कंपनीचा रात्रीचा इमर्जन्सी रेट ऐकून बायको म्हणाली एवढ्यात तर आपण हॉटेलात राहू.

शेवटी शेजारच्या आजोबांनी वाचवलं. म्हणाले पंपावर जा आणि डिझेल घेऊन ये. घरचं तेल म्हणजे जवळपास डिझेलच, त्यावर रस्त्याचा कर नसतो म्हणून कुणी गाडीत घालू नये यासाठी लाल रंग टाकलेला असतो, एवढंच. दोन कॅन, १० गॅलन ओतलं तरी सुरू होईना, कारण लाईनीत हवा. ती आजोबांनीच पाना लावून काढली, पायजम्यावर जाकीट घालून. साडेपाचला घरघर सुरू झाली तेव्हा बरं वाटलं. तेव्हापासून आमच्याकडे पाव टाकी म्हणजे संपलीच असं धरतो, आणि गेजला टिचकी मारून बघतो, हललं तर खरं.

*

दराबद्दल लिहिते. कॅश प्राईस म्हणजे नोटाच असं नाही, बऱ्याच ठिकाणी चेकही चालतो, कार्डाला मात्र गॅलनमागे १०-१५ सेंट जास्त लावतात. १०० गॅलनपेक्षा कमी मागवलं तर एकतर येत नाहीत किंवा दर चढवतात. आणि २७५ ची टाकी २७५ भरत नाही, २५० च्या आसपास थांबतात, हे माहीत नसल्यामुळे मी पहिल्या वर्षी ड्रायव्हरशी हुज्जत घातली होती. टँकरच्या मीटरची छापील पावती दारात अडकवून जातात, ती जपून ठेवा.

*

ऑटोमॅटिक, म्हणजे कंपनीनेच अंदाज बांधून आपणहून तेल भरून जायचं, की स्वतः फोन करायचा, हा खरा प्रश्न आहे. ऑटोमॅटिकवाले तुमचं गेज बघत नाहीत, डिग्री-डे मोजतात. म्हणजे दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटमधून वजा करायचं, २५ असेल तर ४० डिग्री-डे, आणि तुमचं घर ५ डिग्री-डेला १ गॅलन खात असेल तर त्या दिवशी ८ गॅलन गेले. हिशोब चोख आहे हो, पण आम्ही डिसेंबरात महिनाभर नाशिकला होतो, थर्मोस्टॅट ५५ वर, तेल जळलंच नाही फारसं, आणि परत आलो तर दारात बिल! टाकीत मावलं ६० गॅलन, वर कमी माल घेतल्याचा आकार, आणि दर त्यांच्या मर्जीचा.

तरी मी सोडलं नाही. कारण घर बंद असताना तेल संपलं तर पाईप फुटतात, आणि तो खर्च वेगळाच. आता भारतात जाताना फोन करून सांगून जातो.

*

न्यू हॅम्पशायर. प्री-बायवाल्यांनी, म्हणजे हिवाळ्याच्या तेलाचे पैसे आधीच भरणाऱ्यांनी, माझं ऐका. २०२२ चा जून, युक्रेन युद्धामुळे दर भडकलेले, जो तो म्हणतोय हिवाळ्यात मिळणारही नाही. घाबरून ६०० गॅलनचे साडेपाचने भरले, ३,३०० डॉलर एकरकमी. नोव्हेंबरात बाहेर दर त्याहून वर गेला तेव्हा ऑफिसात कॉलर ताठ. मार्चमध्ये बाहेर चारच्या आसपास आणि मी साडेपाचचंच जाळतोय, त्यात हिवाळा सौम्य गेला म्हणून १४० गॅलन उरलं, आणि करारात बारीक अक्षरात लिहिलेलं की पैसे परत नाहीत. बायकोने तो कागद अजून फ्रिजवर लावून ठेवलाय. प्री-बाय म्हणजे ठरलेला भाव, उतरला तरी तोच. कॅप म्हणजे वर जात नाही पण खाली येतो, त्याचे वेगळे पैसे घेतात. सही करण्याआधी यातलं कुठलं ते विचारा.

*

बेलफास्टहून. इथे उत्तर आयर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त घरं तेलावरच, आणि तेल म्हणजे चक्क रॉकेल! पहिल्यांदा टँकर आला तेव्हा त्या वासाने मी थेट साताऱ्यात, रेशनची रांग, निळं रॉकेल, हातात पाच लिटरचा कॅन आणि दुकानदाराचं ते चेपलेलं माप. इथलं निळं नाही, पण वास तोच.

साधारण ३००, ५०० किंवा ९०० लिटर मागवतात, आणि कन्झ्युमर काउन्सिल ही ग्राहकांसाठीची संस्था या तिन्हीचे दर दर आठवड्याला देते, ते बघूनच मी फोन करते. एकदम पैसे नसायचे तेव्हा आम्ही दुकानातून ५ पौंडाचे ऑइल स्टँप घ्यायचो, कार्डावर चिकटवत जायचे आणि डिलिव्हरीला ते कार्ड द्यायचं, आमची पहिली दोन वर्षं त्यावर निघाली. अगदीच खडखडाट झाला तर २० लिटरचा ड्रम, लिटरमागे महाग पण रात्र निघते. २०२३ च्या सुरुवातीला सरकारने घरामागे ६०० पौंड दिले, आमचं वीजमीटर प्रीपेड म्हणून व्हाउचर घेऊन पोस्टात उभी राहिले. रांग काही सुटत नाही.

*

न्यू जर्सी. आधीच्या मालकाने टाकी काढून गॅस घेतला असेल तर बाहेरच्या भिंतीवरचा भरायचा पाईप निघालाय ना ते बघा. आमच्या गल्लीत ड्रायव्हर चुकीच्या घरी गेला, पाईप दिसला, लावली नळी. खाली टाकी नव्हती. तळघर गेलं. अंगणात पुरलेली जुनी टाकी असेल तर त्यावर वेगळा धागाच काढावा लागेल.

*

धागाकर्ता. सगळ्यांचे आभार. ऑटोमॅटिक नाही घेतलं या वर्षी. आज सकाळी १५० गॅलन आलं, ३.४९ ने, ५२३ डॉलर ५० सेंट, चेक दिला. भरताना टाकीच्या हवेच्या पाईपमधून शिट्टी वाजत राहते आणि तेल वरपर्यंत आलं की ती बंद पडते, तीच खूण, असं ड्रायव्हर म्हणाला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तिने विचारलं किती शिट्ट्या झाल्या.

गेज पाऊणच्या वर आहे. टिचकी मारली, हललं.