मदत हवी आहे: चढाच्या कॅम्पसवर रोज फिरायला मुलीला काय घेऊन द्यावं?

जुळे_सोलापूर:
मुलीचं कॉलेज गावाबाहेर माळावर, टेकाडाच्या उतारावर आहे. हॉस्टेल खाली गेटपाशी आणि विभाग वर. अंतर १२०० मीटर: पहिले ७०० जवळपास सपाट, पुढचे ५०० चढाचे. दुपारी जेवायला खाली यावं लागतं, म्हणजे दिवसाला किमान दोनदा चढ. घरी २६ इंची बिनगिअरची सायकल आहे, पायडलपाशी पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते, मागच्याला १८. मुलीला फेब्रुवारीत १८ पूर्ण होतील. चालणं, हीच सायकल, गिअरची सायकल, बॅटरीची सायकल, स्कूटर, यातलं काय घ्यावं? सोलापूर शहरात चढ म्हणजे उड्डाणपुलाचा, त्यामुळे याचा अंदाज अजिबात नाही.

पाणसळ:
आधी चढ मोजा, त्याशिवाय सगळं हवेत. एक मीटर लांबीची सरळ पट्टी रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवा. वर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीचं खालच्या बाजूचं टोक उचला. ते टोक रस्त्यापासून जितकं सेंटिमीटर वर, तितके टक्के चढ. पाच-सहा ठिकाणी मोजा आणि वळणाची आतली बाजू सोडू नका. चढ सगळ्यात खडा तिथेच असतो.

जुळे_सोलापूर:
मोजलं. बहुतेक ठिकाणी साडेपाच ते साडेसहा. वळणापाशी साधारण ६० मीटर मात्र १० टक्के.

फ्रीव्हील_२८:
मग घरची सायकल आहे तशी चालणार नाही. कारण सांगतो.

मुलगी, दप्तर, सायकल मिळून ७५ किलो धरू. ६ टक्के चढावर ताशी ८ किमीने जायला सुमारे ११० वॅट लागतात. सवय नसलेल्या माणसालाही चार-पाच मिनिटं एवढं जमतं. १० टक्क्यांवर त्याच ताकदीत वेग ताशी ५ किमीवर येतो. अडचण ताकदीची नाही, दात्यांची आहे. ४४ आणि १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. ताशी ८ ला पायडल मिनिटाला २६ फेऱ्या आणि वळणावर जेमतेम १६. इतक्या कमी फेऱ्यांत सगळा भार गुडघ्यावर येतो, हँडल डगमगतं आणि सायकल थांबते.

२१ गिअरच्या साध्या सायकलीत पुढचं सगळ्यात लहान चाक बहुधा २४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ चं असतं. त्यात ताशी ८ ला पायडल ७५ फेऱ्या, वळणावर ४७. बसल्या बसल्या चढता येतं. घेताना हे दोन आकडे स्वतः मोजा; पुढे दात्यांची तीन चाकं नसली तर २१ गिअर नाहीतच. सस्पेन्शन काटा (पुढच्या चाकाचा स्प्रिंगवाला) घेऊ नका. स्वस्तातला काटा दोनेक किलो वजन वाढवतो आणि चढावर पायाचा जोर खातो.

हलका गिअर चढ लागायच्या दहा-पंधरा मीटर आधी टाकायचा. जोर लावलेला असताना टाकला की चेन उतरते किंवा दात्यांवरून घसरते. हे तिला दोन दिवस सपाटावर करून दाखवा.

खर्च टाळायचाच असेल तर जुन्या सायकलीला पुढे ३६ दाते आणि मागे २२ चं फ्रीव्हील (मागचं दातेरी चाक) बसवून घ्या. चेनच्या कड्या कमी-जास्त कराव्या लागतील. ६ टक्के निघेल, वळणावर उतरून ढकलावं लागेल.

जुळे_सोलापूर:
आणि बॅटरीवरची स्कूटर? लायसन्स लागत नाही म्हणतात.

ओम_व्होल्ट:
२५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि जास्तीत जास्त ताशी २५ किमी, अशा गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, हे खरं. पण अशी स्कूटर ७० किलोच्या आसपास असते. मुलीसकट १२५ धरा. १० टक्के चढावर ती ताशी ५-६ किमीवर येईल, आणि त्या वेगात मोटर नुसती तापते. पायडल मारून मदतही करता येत नाही. या रस्त्यासाठी घेऊ नका.

बॅटरीची सायकल चालेल, कारण तिथे पाय आणि मोटर दोन्ही. एकदा वर जायला बॅटरीतून १५-२० वॅट-तास जातात. ३६ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे सुमारे २५० वॅट-तास, रोज दोन चढ धरले तर सहाएक दिवस निघतील. मात्र बॅटरी काढता येणारी हवी आणि हॉस्टेलवर चार्जिंगला परवानगी आहे का ते आधी विचारा. उन्हात उभी असलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. बॅटरी अर्धा तास सावलीत निवू द्यावी. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, त्यामुळे हा नियम मोडूच नका.

शेंगाचटणी:
उताराचं कुणीच बोललं नाही. ब्रेक न लावता सोडलं तर या उतारावर सायकल ताशी ४० च्या आसपास जाते, आणि वळणावर मुरूम-खडी असतेच. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. दोन्ही ब्रेक मिळून लावायचे. रबरावरच्या खाचा पुसट झाल्या की त्याच दिवशी बदला. पावसात रिमचा ब्रेक पहिल्या फेऱ्यांत धरतच नाही, तेव्हा उतरणीच्या तोंडाशीच हलका लावून रिम कोरडी करून घ्यायची.

दुसरं म्हणजे काटे. माळावर सराटे आणि बाभूळ दोन्ही. ट्यूब आणि टायरच्या मध्ये लायनर, म्हणजे काटे अडवणारी पट्टी, टाका. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. टोक राहिलं असेल तर कापूस तिथे अडकतो. हे न केल्यानेच पॅच लावलेली ट्यूब दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. हवा ४० पीएसआय. पेट्रोल पंपावर भरताना थांबून थांबून भरा, लहान ट्यूब पटकन फुगते.

पाणसळ:
चालण्यालाही कमी लेखू नका, मालक. हा चढ पायी आठ-नऊ मिनिटांचा, सायकलने चारेक मिनिटांचा. वर जाताना वाचतात पाच मिनिटं. खरा फायदा सपाट ७०० मीटरवर आणि उतरताना. मधून पायऱ्यांची वाट आहे का?

जुळे_सोलापूर:
आहे. वळणाच्या खालून थेट विभागामागे निघते.

पाणसळ:
मग पायऱ्यांच्या खाली सायकल सावलीत, खांबाला साखळीने बांधून ठेवायची सोय आहे का ते बघा. असेल तर दुपारच्या उन्हात सायकलने तिथपर्यंत आणि पुढे पायऱ्यांनी. १० टक्क्यांचा तुकडा टळतो.

जुळे_सोलापूर:
तिथे जुनं शेडच आहे. गिअरची सायकल घेतो, २४ आणि २८ मोजूनच. लायनर दुकानातच बसवून घेईन. स्कूटरचं फेब्रुवारीनंतर बघू.