फुंशालला गेलेल्यांनो, या इकडे! (पोर्तुगालचं मदेइरा बेट – आठवणींचा धागा)

ओसरी
काल सासूबाईंच्या कपाटातला खालचा खण आवरायला घेतला. वर्ष होत आलं त्यांना जाऊन, तरी हात लागत नव्हता. साड्यांच्या घडीत एक पांढरा रुमाल सापडला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेली बारीक फुलं, वर हमीचा चकचकीत होलोग्राम अजून तसाच. फुंशालच्या दुकानात दीड तास उभं राहून घेतलेला. दुकानात म्हणाल्या होत्या, "असं तर मी दुपारच्या झोपेत भरते," आणि तरी घेतला. वापरला मात्र एकदाही नाही.

2018च्या मे महिन्यात गेलो होतो. जकरंदा फुललेले, रस्तेच्या रस्ते जांभळे. सासूबाई तेव्हा 71च्या. मला काळजी, यांना पोर्तुगीज भाषेचं कसं जमणार. हॉटेलातली मुलगी किल्ली पुढे करत "शाव्ह" का "शाव्ही" असं काहीतरी म्हणाली. मी गोंधळले. सासूबाई लगेच, "चावी देतेय ती, घे की!" खोलीत गेल्यावर टॉवेलला ती मुलगी जे म्हणाली ते यांच्या 'टुवाल'च्या इतकं जवळचं होतं की दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात अननस, बटाटा, पाव, कोबी... सगळी नावं ओळखीची. बाईंचा आत्मविश्वास असा वाढला की उरलेलं सगळं त्या सरळ मराठीत बोलायला लागल्या. आणि गंमत म्हणजे त्यांना कोथिंबिरीची जुडी मला मिळाली असती त्याहून मोठी मिळाली.

तुम्ही कुणी गेला असाल तर लिहा. क्रमाने नको, माहितीपत्रक नको. जे आठवेल ते.

खिडकीपाशी
विमान!!! बाकी नंतर लिहीन, आधी विमान. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि शेवटच्या क्षणी उजवीकडे असं वळतं की पंख कुणाच्या तरी गच्चीवरची दोरी घेऊन येतो की काय. आमचं पहिल्या वेळेला उतरताउतरता परत वर गेलं. नवरा शेजारी शांत. मला वाटलं धीराचा आहे. नंतर कळलं की डोळे मिटून रामरक्षा चालू होती आणि मध्येच विसरल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून.

ढोबळमानाने
तिथे उतरवायला वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. डोंगरावरून येणारा वारा आडवा मारतो. धावपट्टी आधी जेमतेम 1600 मीटर होती. 1977 साली मोठा अपघात झाला, मग दोनदा वाढवली. 2000 सालचं वाढीव काम खांबांवर आहे, साधारण 180 खांब, खाली समुद्र आणि किनारा. आम्ही गाडीने त्या खांबांमधून गेलो. डोक्यावर धावपट्टी, खाली वाहनतळ आणि पोरं खेळतायत.

खिडकीपाशी
@ढोबळमानाने हे मला जायच्या आधी कुणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

नेहमीचाच
आमचं तर उतरलंच नाही. दोन घिरट्या, मग शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर. तिथे विमानातच तीन तास. खिडकीतून लांबच लांब सोनेरी वाळू दिसतेय आणि आपण पट्टा लावून बसलोय. फुंशालला मात्र अशी वाळू नाही, काळे गोटेच गोटे. म्हणजे सगळ्या सहलीत चांगला समुद्रकिनारा बघितला तो विमानाच्या खिडकीतून.

शुभदा_क
विसा कोणता लागतो?

कैरीचं पन्हं
चावी वाचून हसले. आमच्याकडे आजी खिडकीला जनेल म्हणायची, तिकडे 'जनेला'. साबण, बादली, अलमारी, घमेलं, पगार, नाताळ... ही यादी संपत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, मी अर्धी पोर्तुगीज आहे. तो म्हणाला, मग बिल मागून दाखव. तिथे अडकले.

फोडणी
शाकाहारी लोकांनी काय खाल्लं ते आधी सांगा. मी सांगते. बोलो दो काको. नावात केक असला तरी हा जाड गोल पाव, रताळं घालून करतात, तापल्या दगडावर किंवा तव्यावर भाजलेला, मधे लसणीचं लोणी. सकाळी तो, दुपारी तो, रात्री तो. मिल्यो फ्रितो पण खा. मक्याचं पीठ शिजवून थापतात, कोबीच्या जातीचा पाला घालतात, चौकोन कापून तळतात. कोथिंबीरवडीची आतेबहीण आहे, शपथ.

नेहमीचाच
आणि तो काळा मासा? एश्पादा? बाजारात बघितला का, लांब पट्टा, मोठ्ठे डोळे, दात असे की झोप उडेल. खूप खोल समुद्रातून येतो. आणि त्याच्यावर तळलेलं केळं ठेवून देतात ताटात!

फोडणी
मासळीचं शिकरण 😂

नेहमीचाच
हसू नका, दोनदा मागवलं मी.

आंबटगोड
बाजाराचं नाव निघालंच आहे तर माझी तक्रार ऐका. मेर्कादो दुश लाव्रादोरेश. इमारत सुंदर, 1940ची, निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर भाजीवाल्या बायकांची चित्रं. आत फळांची एक टपरी. चमच्यावर पॅशनफ्रूट चाखवलं, गोड! दुसरं चाखवलं, त्याहून गोड! नंतर कुणीतरी सांगितलं की चाखवायच्या फळांवर आधीच साखर भुरभुरतात. मी तोवर चार फळं पिशवीत टाकून घेतली होती. 28 युरो. अठ्ठावीस! घरी, म्हणजे हॉटेलवर, कापली तर चिंचेची बहीण. यांनी आजपर्यंत ऐकवणं सोडलेलं नाही. काही महाग घेतलं की "पॅशनफ्रूट का?" म्हणतात.

ओसरी
@आंबटगोड आम्हालाही चाखवलं होतं. सासूबाईंनी बोटाने वरची साखर पुसून दाखवली त्या माणसाला आणि मान हलवली. एक शब्द नाही. त्याने केळी निम्म्या भावात दिली. तिथली केळी छोटी असतात पण काय गोड.

आंबटगोड
@ओसरी अशी सासू मला हवी होती हो बाजारात.

पाटकरी
मी शेतकऱ्याचा मुलगा, तेव्हा माझं फुंशाल वेगळं. सगळे 'लेवादा, लेवादा' करत होते, फिरायच्या वाटा म्हणून. जाऊन बघतो तर पाट! आपला पाट हो, डोंगराच्या कडेने कोरलेला, हातभर रुंद, पाणी खळखळ. बेटाच्या उत्तरेला पाऊस जास्त, शेती आणि वस्ती दक्षिणेला, म्हणून पंधराव्या शतकापासून हे पाट खोदत आले. कड्यावरून टोपलीत लोंबकळत खोदलेत काही ठिकाणी. सगळे मिळून 2000 किलोमीटरच्या वर जातात. आणि ते सांभाळणाऱ्या माणसाला लेवादेइरो म्हणतात, तो प्रत्येकाला तासांच्या हिशेबाने पाणी सोडतो. म्हणजे पाटकरी आणि पाण्याची पाळी! आमच्या वडिलांनी रात्री दोनला उठून पाळी धरलेली मी बघितली आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याला खुणांनी विचारलं, रात्री पण? त्याने घड्याळ दाखवून हात जोडले. मग दोघं बराच वेळ पाण्याकडे बघत बसलो. बायको पुढे निघून गेली होती, ती परत शोधत आली.

ढोबळमानाने
@पाटकरी वा. काल्देइराओ व्हेर्दचा पाट केलात का? मधे बोगदे आहेत, आत मिट्ट काळोख, वरून थेंब थेंब, एका बाजूला पाणी.

पाटकरी
केला. बॅटरी न्यायची विसरलो. मोबाइल 9 टक्के. बाकी काही सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

मधलीसुट्टी
मॉरिशसला आम्ही हनिमूनला गेलो होतो, खूप छान आहे, मराठी बोलणारे पण भेटले. मंदिर आहे.

खिडकीपाशी
@मधलीसुट्टी अहो ते हिंदी महासागरात. हे अटलांटिकमधलं, पोर्तुगालचं.

मधलीसुट्टी
अय्या हो. म वरून गडबड झाली. तेही ज्वालामुखीचंच बेट ना पण?

कातळ
दोन्ही ज्वालामुखीचीच. पण फुंशालला जाऊन "ज्वालामुखी कुठे आहे?" विचारणाऱ्यांसाठी: तुम्ही त्याच्यावरच उभे आहात. समुद्राच्या तळापासून वर आलेल्या अवाढव्य ढिगाचा वरचा तुकडा म्हणजे मदेइरा. हजारो वर्षं शांत आहे. कुराल दश फ्रेइराश या खोलगट दरीला पुष्कळ जण अजून विवर म्हणतात, ती खरं तर पाण्याने कोरलेली आहे. पिको दो आरिएइरो शिखरावर (1818 मीटर) पहाटे गेलो, खाली ढगांचा समुद्र. सगळे सूर्योदयाचे फोटो काढत होते आणि मी पाठ फिरवून कड्यातले उभे पट्टे बघत होतो. लाव्हा भेगांत शिरून गोठला की अशा भिंती होतात. सह्याद्रीत फिरलेल्याला हा काळा कातळ अगदी घरचा वाटतो. बायको म्हणाली, इतके पैसे खर्चून दगडच बघायचे होते तर...

आंबटगोड
सगळ्यांच्या बायका आणि नवऱ्यांची बोलणी खाऊन झाली का? :)

गुडघे_दोन
शहर सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण चढ! समोर नकाशात 400 मीटर दाखवतं, ते आडवे नसतात. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी, बघायला सुरेख, पाऊस पडला की घसरगुंडी. मी रुआ द सांता मारियातले रंगवलेले दरवाजे बघितले (एकेक दार एकेका चित्रकाराने रंगवलेलं) आणि बाकी वेळ कॉफी पीत बसले. मुलगी चिडली. मी म्हटलं, बंदर इथून दिसतंय, जहाजं दिसतायत, डोंगरावर घरं दिसतायत, मी फुंशाल बघतेच आहे.

खिडकीपाशी
@गुडघे_दोन वर डोंगरातल्या मोंतला केबल कारने जायचं ना ताई! लोकांच्या कौलांवरून, परसातल्या केळींवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून जाते. एक आजी गच्चीत भाजी निवडत होती, तिने वर बघून हात केला.

ओसरी
मोंतचं लिहायचं राहिलंच. वरून खाली यायला वेताच्या गाड्या असतात ना, लाकडी पट्ट्यांवर घसरणाऱ्या, चाकं नाहीत. पांढरे कपडे, गवती टोप्या घातलेले दोघे मागून ढकलतात आणि बुटांचे रबरी तळवे घासून ब्रेक लावतात. चालू रस्त्यावरून, दोन किलोमीटर! सासूबाई बघत होत्या. मी म्हटलं, आपण चर्च बघू (ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल तिथे पुरलाय, 1922 साली या बेटावरच वारला). त्या म्हणाल्या, सम्राट कुठे जात नाही, आधी हे. पदर खोचला, पर्स माझ्याकडे दिली आणि बसल्या. वळणावर गाडी तिरकी झाली तेव्हा मी किंचाळले, त्या नाही. खाली फोटो विकतात. त्यात मी डोळे मिटलेली आणि त्या चक्क हसतायत, दात नसलेली बाजूसुद्धा दिसतेय. तोच फोटो आता हॉलमध्ये लावलाय. हार घातलेला नाही. सुतकी फोटो नको म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी.

कैरीचं पन्हं
ओसरी 🙏

पाटकरी
नमस्कार त्यांना.

शुभदा_क
विसाचं कुणी सांगा ना. डिसेंबरचं बघतोय.

ढोबळमानाने
@शुभदा_क शेंगेन. पोर्तुगालचाच स्वायत्त भाग आहे. डिसेंबर उत्तम, सगळ्या डोंगरउतारावर दिवे लागतात. 31च्या रात्री आतषबाजी, 2006 साली गिनीजमध्ये नोंद झाली होती. बंदरातली जहाजं बारा वाजता भोंगे वाजवतात. हॉटेल आत्ताच बघा.

नेहमीचाच
आणि पोंशा पिऊन बघा. उसाची दारू, मध, लिंबू. लाकडी रवीने घुसळतात, दोन तळहातांत धरून, अगदी आपल्या ताकासारखं. तिथले लोक म्हणतात सर्दीवर औषध आहे. मला सर्दी नव्हती, मी आधीच घेऊन ठेवलं.

क्रिकेटप्रेमी_बाबा
आमच्या चिरंजीवांना बेटातलं काहीही नको होतं, फक्त रोनाल्डो. त्याचं जन्मगाव ना. विमानतळाला त्याचं नाव, बंदराजवळ त्याचं संग्रहालय, बाहेर पुतळा. विमानतळावर 2017 साली बसवलेला तो कुप्रसिद्ध अर्धपुतळा बघायचा होता त्याला, पण तोवर बदलला होता. पोरगं रडलं. म्हटलं, अरे, बदलला कारण तो त्याच्यासारखा दिसत नव्हता. म्हणे म्हणूनच बघायचा होता.

फोडणी
शहराच्या नावाचं कुणी बोललंच नाही. फुंशो म्हणजे बडीशेप. पहिल्यांदा लोक आले तेव्हा रानबडीशेप माजली होती म्हणून फुंशाल. म्हणजे बडीशेपवाडी! बडीशेपेच्या गोळ्या मिळतात तिथे, जेवणानंतर चघळायला. मी सहा पाकिटं आणली, पाच मीच संपवली.

कैरीचं पन्हं
@फोडणी घरी करता येतील का? पाकाचं प्रमाण सांग ना.

फोडणी
बघते. कुकर लावलाय, आले.

टाका_धागा
ओसरीताई, उशिरा वाचलं. त्या भरतकामाबद्दल थोडं: बायका पूर्वीपासून करत होत्या, पण 1850च्या सुमारास एका इंग्रज वाइन व्यापाऱ्याच्या मुलीने ते इंग्लंडात विकायला सुरुवात केली आणि धंदा वाढला. दुकानात रुमाल महाग वाटतो तो एकेका टाक्याचे पैसे असतात म्हणून. तुमच्या सासूबाई दुपारच्या झोपेत भरत असतील तर त्यांचा हात मोठा होता.

रुमाल इतकी वर्षं घडीत होता म्हणजे घडीवर पिवळी रेघ आली असेल. गरम पाण्यात टाकू नका. थंड पाणी, रिठा, आणि चोळायचं नाही. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टुवाल घालून.

ओसरी
@टाका_धागा रेघ आली आहे, बरोबर ओळखलंत. रिठे आहेत घरात, त्यांनीच आणून ठेवलेले. आज रात्री भिजत घालते.