सुएन्यो: झोप की स्वप्न?

कोरा कागद: स्पॅनिश शिकायला लागून आठ महिने झाले. परवा वर्गात जांभई देत 'तेंगो उन सुएन्यो' म्हणालो. म्हणायचं होतं, झोप येतेय. बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठलं?" कारण मी चक्क 'माझं एक स्वप्न आहे' असं जाहीर केलं होतं. झोप येत असेल तर नुसतं 'तेंगो सुएन्यो'. त्या 'उन'ने घात केला.

तरी मी म्हणतो, या शब्दाचा उगाच बाऊ करतात. 'मे कीता एल सुएन्यो' म्हणजे आपलं 'झोप उडवतं'. अनेकवचन 'सुएन्योस' आलं की स्वप्नं. संदर्भ पाहिला की एकच अर्थ उरतो.

आडकित्ता: एकच? मग स्पॅनिश चित्रकार गोयाचं चित्र मराठीत सांगा बघू. १७९९ साली त्याने 'लोस काप्रीचोस' हा ८० छापचित्रांचा संच काढला. ४३व्या चित्रात एक माणूस मेजावर डोकं टेकून पडलाय, मागे घुबडं-वटवाघळं घोंगावतायत आणि मेजावर लिहिलंय, 'एल सुएन्यो दे ला रथोन प्रोदुथे मोन्स्त्रुओस'. विवेक झोपला की राक्षस जन्मतात? की विवेक स्वप्नं पाहू लागला की? व्याकरणात दोन्ही बसतं. पण पहिल्यात विवेक नाही म्हणून घात होतो, दुसऱ्यात खुद्द विवेकामुळे.

कोरा कागद: झोपच हो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या हस्तलिखित टिपेत म्हटलंय की विवेकाने टाकून दिलेली कल्पनाशक्ती अशक्य राक्षस जन्माला घालते, विवेकाच्या जोडीने तीच कलांची आई होते. म्हणजे विवेक गैरहजर.

आडकित्ता: ती टीप गोयाचीच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. याच चित्राच्या १७९७च्या रेखाटनावर मात्र 'लेखक स्वप्न पाहतोय' असं लिहिलेलं आहे. आणि मालिका सुरू झाली तीच 'सुएन्योस' या नावाने. तुमच्याच नियमाने अनेकवचन म्हणजे काय?

कोरा कागद: तो नियम मागे घेतो. 'एन्त्रे सुएन्योस' म्हणजे अर्धवट झोपेत, हे आत्ता आठवलं.

निंबोणी: सोयीस्कर आठवलं! अहो, लॅटिनमध्ये सोम्नुस म्हणजे झोप आणि सोम्निउम म्हणजे स्वप्न, दोन्ही झिजून एकच सुएन्यो झाला. आपल्याकडे उलटं घडलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातलं 'युक्तस्वप्नावबोधस्य' आठवा. तिथे स्वप्न म्हणजे झोप, बेताची झोप आणि बेताचं जागणं. संस्कृतात त्या एका शब्दात दोन्ही अर्थ होते. मराठीने झोप वेगळी काढली, म्हणून तर तुम्ही दोघं भांडताय. सोम्नुस आणि स्वप्न मुळात एकाच घराण्यातले.

आडकित्ता: छान. पण चित्राखाली मराठीत काय लिहायचं ते सांगा, पळवाट नको.

निंबोणी: 'विवेकाचा डोळा लागला की राक्षस जन्मतात.' डोळा लागल्यावर स्वप्नही पडतंच की.

कोरा कागद: डोळा लागणं म्हणजे झोपच. जिंकलो!

आडकित्ता: विवेकाचा डोळा लागला? कशावर?