मदत हवी आहे: डिझेल इंजिनच्या पॅकिंगला आणि आट्यांना नेमकं काय लावायचं?

नमस्कार मंडळी, बार्शीजवळ आमच्या विहिरीवर वडिलांनी घेतलेलं पाच एचपीचं डिझेल इंजिन आहे, लाईटचा भरवसा नाही म्हणून अजून निम्मं रान त्याच्यावरच भिजतं. मागच्या महिन्यात टॅपेट कव्हरमधून (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरचं झाकण) ऑइल पाझरायला लागलं म्हणून मेकॅनिक बोलावला, त्याने कागदी पॅकिंगला दोन्हीकडून सिलिकॉनचा जाड थर फासला आणि अर्ध्या तासात इंजिन चालू करून दिलं. आठवड्यात पुन्हा तेच. शनिवारी मीच खोललं तर आतल्या कडेने शेवयांसारखे सिलिकॉनचे दोरे लोंबत होते, आणि एक तुकडा खाली ऑइलच्या जाळीला चिकटलेला! पोटात गोळाच आला, जाळी बुजली असती तर बेअरिंग, क्रँक सगळंच गेलं असतं.

दुसरं म्हणजे डिझेल फिल्टरच्या बँजो बोल्टला (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) त्याने टेफ्लॉन टेप गुंडाळलीय, तरी लाईन हवा धरते, रोज सकाळी एअर काढावी लागते. आणि पाण्याच्या ड्रेन प्लगला आमच्याकडे सूत आणि सफेदा (आट्यांना लावायची पांढरी पेस्ट) लावतात, ते राहू द्यावं का? शिवाय हेड (सिलिंडरवरचं झाकण) खोलायचंय, त्या गॅसकेटला काही लावायचं असतं का? कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, उसाला पाणी द्यायचं खोळंबलंय.

प्रतिसाद:
भाऊ, आधी ती टेप काढा. बँजोमध्ये आटे सील करतच नाहीत, सील होतं ते दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशरवर, आणि टेपचा तुकडा सुटला तर थेट पंपात नाहीतर नोझलमध्ये जातो. वॉशर नवे टाका, नाहीच मिळाले तर जुने लाल तापवून पाण्यात टाका म्हणजे नरम पडतात, मग बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्या. डिझेलच्या जागी सिलिकॉन कधीच नको, फुगून सुटतं.

सिलिकॉन ऑइलला चालतं पण दोन-तीन मिमीची बारीक रेघ, बोल्टच्या भोकांपासून इंजिनच्या आतल्या बाजूला, तेही पुसून कोरड्या केलेल्या पत्र्यावर, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. कागदी पॅकिंग चांगलं असेल तर नुसतं ग्रीसचं बोट पुरे. कव्हर पत्र्याचं असेल तर काचेवर ठेवून बघा, बोल्ट जास्त आवळून भोकांपाशी फुगलेलं असतं. हेड गॅसकेट कोरडंच बसवा, फक्त दोन्ही तोंडं स्वच्छ हवीत आणि बोल्ट टप्प्याटप्प्याने, फुलीच्या क्रमाने आवळायचे. ड्रेन प्लगचे आटे सहसा निमुळते असतात, तिथे सूत-सफेदा किंवा टेप खुशाल लावा, फक्त टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा.

धागाकर्ता:
काका, लाख आभार. आत्ताच काचेवर ठेवलं, दोन्ही बोल्टांपाशी पत्रा फुगलाय, बाजूला कव्हरखालून चक्क उजेड दिसतोय. लाकडावर फुगलेली बाजू वर ठेवून हळू ठोकतो. वॉशर उद्या बार्शीतून आणतोच, पॅकिंगचा कागद अर्धा मिमीचा घेऊ का एकचा?