चर्चा: पोळी तीच ठेवायची आणि गहू बदलायचा?

रामबागकर
होळी झाली की आपल्या इंदूरात वर्षाचा गहू भरायची लगबग सुरू होते. लोकवन घ्यायचा की शरबती, यावर घरोघरी खल होतो. पोळी मऊ राहील का, एवढंच बघतात. त्या पोळीतून आतड्याला काय मिळतं, हे कोणी विचारत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जनुकात बदल करून जास्त फायबरचा गहू घडवता येतो, तर आपण तो मागितला पाहिजे. गव्हाचं स्टार्च दोन तऱ्हेचं असतं. फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन झटपट पचतं आणि रक्तातली साखर चढवतं, तर सरळ साखळीचं अमायलोज चिवट असतं. नेहमीच्या गव्हात अमायलोज जेमतेम पाव हिस्सा असतं. फांद्या फोडणारं एन्झाइम बंद पाडलं की ते ८५ टक्क्यांपर्यंत जातं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेनं हे करून दाखवलंय. हे स्टार्च फायबरसारखंच लहान आतड्यात बरंचसं न पचता पुढे जातं. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि त्यावरच आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. कोशिंबीर खा, सॅलड खा, हे सांगून सांगून डॉक्टर थकले. लोक पोळी सोडणार नाहीत. मग पोळीतच बदल करू या.

सुदामानगरची ताई
काका, आधी चाळणी तर बाजूला ठेवा! आमच्या गल्लीतल्या चक्कीवर उभं राहून बघा. दहातल्या आठ जणी म्हणतात, "भैया, एकदम बारीक." घरी येऊन तेच पीठ पुन्हा मैद्याच्या चाळणीनं चाळायचं आणि मूठ-मूठ कोंडा गाईपुढे टाकायचा. देवानं दाण्यात दिलेलं फेकायचं आणि मग प्रयोगशाळेकडून नवं मागायचं? माळव्यात आपल्या आज्या ज्वारीच्या आणि मक्याच्या भाकरी थापत होत्या. सोयाबीन आलं आणि ज्वारी शेतातून गेली. ती परत आणा, त्याला कुठलंही जनुक कापावं लागत नाही.

बायोटेकवाला, विजयनगर
दोघांनाही थोडं सांगतो, कारण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत.

सीएसआयआरओनं २००६ मध्ये आरएनए हस्तक्षेपानं, म्हणजे जनुक गप्प करून, असा गहू केला आणि उंदरांना खाऊ घालून मोठ्या आतड्यावरचा चांगला परिणाम दाखवला. पण ज्याचं पीठ आज अमेरिकेत विकलं जातं, तो जनुकांतले फरक हुडकून साध्या संकरातून जमवलेला आहे. तो जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घालून बदललेला, नाही. परक्या जनुकाचं उदाहरण हवं असेल तर १९९८ चं साखरबीट घ्या. जेरुसलेम आर्टिचोकचं एक जनुक घातलं आणि बीट साखरेऐवजी फ्रुक्टान, म्हणजे न पचणारं एक फायबर, साठवू लागलं. तिसरा मार्ग आहे जीन एडिटिंगचा, म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याचा. परकं जनुक उरत नसेल तर २०२२ पासून आपल्याकडे अशा पिकांना जीएमच्या कडक नियमांतून सूट आहे. २०२५ च्या मे महिन्यात कमला आणि पुसा डीएसटी १ हे असे दोन तांदूळ जाहीर झाले, पण ते फायबरसाठी नाहीत.

ताई, कोंडा चाळू नका, हे अगदी बरोबर. पण कोंड्यातलं फायबर बहुतेक पोट साफ ठेवतं. जीवाणूंना ते फारसं आंबवता येत नाही. न पचणाऱ्या स्टार्चचं काम वेगळं आहे, एकानं दुसऱ्याची जागा भरत नाही.

देपालपूरचा शेतकरी
मी गहू पेरतो, म्हणून माझा प्रश्न तोलाचा आहे. दाण्यात स्टार्च भरतं तेव्हाच तो टपोरा होतो. अमायलोज वाढवलेल्या गव्हाचा दाणा हलका भरतो, असं वाचलंय. छावणी मंडीत व्यापारी ओंजळीत दाणा घेऊन चमक बघतो आणि भाव बोलतो. आतड्यातल्या जीवाणूंची किंमत तो देणार आहे का?

शिवाय बी कोणाचं असेल? बीटी कापसाचं संकरित बी दर वर्षी विकत घ्यावं लागलं. गव्हाचं बी घरचं ठेवता येतं आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं तो हक्क आम्हाला दिलाय. त्याला धक्का लागणार असेल तर मला हा गहू नको.

सुदामानगरची ताई
भाऊंशी सहमत. आणि माझ्या सासूबाईंना साध्या पोळीतलं आणि कांद्यातलं फ्रुक्टानही सोसत नाही, पोट फुगतं. उद्या जास्त फायबरचं पीठ चक्कीवर सुट्टं मिळालं तर ते कशातलं, हे कळणार कसं? चक्कीच्या डब्यावर लेबल नसतं.

रामबागकर
देपालपूरचे भाऊ म्हणतात त्यावर मी बराच विचार केला. हलक्या दाण्याचा तोटा शेतकऱ्यानं सोसावा, हे मलाही मान्य नाही. पण आपल्या इंदूरच्याच पुसा या सरकारी शेती संशोधन केंद्रानं बाफल्या-दलियाचा काठिया गहू सुधारून पुसा तेजससारखं वाण दिलं. हे वाणही तिथूनच, सरकारी पैशातून यावं, बी शेतकऱ्याच्या घरात राहावं. शरबतीला जसा नावावर जास्त भाव मिळतो, तसा यालाही वेगळ्या नावानं वेगळा भाव द्यावा. ताईंना हवं ते लेबल बंद पाकिटावर सक्तीचं करा. एवढं झालं तरी तुमचा विरोध राहील का?

सुदामानगरची ताई
राहील. पाकिटाचं पीठ परवडणाऱ्यांनाच लेबल मिळेल. मधुमेह मात्र चक्कीच्या रांगेतल्यांनाही आहे. त्यांच्यासाठी रेशनवर ज्वारी द्या, मी उद्या सही करते.

देपालपूरचा शेतकरी
भाव आधी लिहून द्या. एक बिघा मी पेरून बघीन.