मदत हवी आहे: आपली घरपट्टी बिल्डरच्या प्रकल्पाला जाते का? (नाशिक)

पाथर्डीकर_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याच्या पुढे आहे. मागच्या बाजूला मोठा गृहप्रकल्प येतोय आणि त्याच्या गेटपर्यंत महापालिकेचा डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता बघता बघता डांबरी झाला, पथदिवेही लागले. आमच्या दारातला रस्ता मात्र पाइपलाइनसाठी खोदला, त्यावर खडी पसरली आणि विषय संपला. सोसायटीच्या ग्रुपवर आग लागलीय. त्यात एका सभासदांचा मुलगा शिकागोला असतो, त्याने तिथल्या 'टिफ'बद्दल भलामोठा मेसेज टाकला. तेव्हापासून सगळ्यांचं ठाम मत झालंय की आपलीही घरपट्टी बिल्डरच्या घशात जाते. वार्षिक सभेत हा विषय निघणार आणि उत्तर मला द्यायचंय.

टिफ म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. मला समजलं ते असं: शहराने एखादा भाग मोडकळीला आलेला म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या मालमत्तांचं करपात्र मूल्य त्या वर्षीच्या आकड्यावर गोठवायचं. समजा १०० कोटी. पुढे इमारती उभ्या राहून ते १६० कोटी झालं, तरी शाळा, बागा, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखं) या सगळ्यांना कर मिळणार १०० कोटींवरचाच. वरच्या ६० कोटींवरचा कर वेगळ्या फंडात जातो, इलिनॉय राज्यात साधारण २३ वर्षं. त्या फंडातून त्याच भागातले रस्ते, पूल होतात आणि कधी थेट बिल्डरच्या खर्चालाही हातभार लागतो. युक्तिवाद असा की ही मदत दिली नसती तर इमारती झाल्याच नसत्या, मग वाढीव कर तरी कुठून आला असता?

ऐकायला बिनतोड आहे. पण २०१९ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने लिंकन यार्ड्स या नदीकाठच्या प्रकल्पासाठी १.३ अब्ज डॉलरपर्यंतचा टिफ मंजूर केला, आणि ती जागा सधन वस्तीला लागून. उद्या कोणी गंगापूर रोड मोडकळीला आलाय म्हटलं तर आपण हसू, तसंच हे.

आता प्रश्न. नाशिकमध्ये असं काही आहे का? नसेल तर मागचा रस्ता नक्की कोणाच्या पैशातून झाला? आणि हे शोधायचं कुठे? राजीव गांधी भवनात (महापालिका मुख्यालयात) विचारलं तर 'नगररचनेत जा' म्हणतात, नगररचनेत 'बांधकाम विभागात जा'. जाणकारांनी प्रकाश टाकावा. राजकीय पक्षांवरची भांडणं कृपया इथे नकोत.

सातपूरची_माई

आमच्याकडेही हीच रड आहे. वाचतेय.

निवृत्त_ओव्हरसियर

सेक्रेटरी साहेब, टिफसारखी योजना आपल्याकडे नाही. एखाद्या भागाची घरपट्टी गोठवून वाढीव रक्कम त्याच भागाच्या फंडात टाकायची, असा हिशेब नाशिक महापालिका ठेवत नाही. घरपट्टीचं बिल नीट बघा. सर्वसाधारण कर, वृक्ष कर, अग्निशमन, मलप्रवाह वगैरे रकाने दिसतील. राज्याचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. बाकीचं एका मोठ्या तिजोरीत पडतं आणि अंदाजपत्रकातून खर्च होतं. तेव्हा 'माझी घरपट्टी त्या गेटला गेली' हे सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

याचा अर्थ बिल्डरला काही मिळत नाही असा मुळीच नाही. आपल्याकडे मदत करातून न जाता तीन-चार वेगळ्या दारांनी जाते.

पहिलं दार तुमच्या मागच्याच रस्त्याचं. विकास आराखड्यात शेकडो रस्ते रेषा म्हणून पडून असतात. कोणता आधी करायचा याचा निर्णय होतो, तिथे लाखमोलाची सवलत दिली जाते आणि ती कुठल्याच कागदावर सवलत म्हणून लिहिलेली नसते. रस्ता कायदेशीर, आराखड्यातला, निविदा काढून केलेला. फक्त त्याचा नंबर आधी लागला. त्यात जागा कशी घेतली तेही बघा. मालकाला टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे जास्त बांधण्याचा हक्क) दिला असेल तर रोख पैसे गेले नाहीत, पण रोख मोबदला दिला असेल तर तो थेट तिजोरीतून गेला. हा फरक फार मोठा आहे आणि सभेत कोणी तो विचारत नाही.

दुसरं दार प्रीमियमचं. जास्तीच्या एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करता यावं म्हणून, बिल्डर प्रीमियम नावाची रक्कम भरतो. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने कोरोनानंतर बांधकामाला उभारी म्हणून हे प्रीमियम डिसेंबर २०२१ पर्यंत निम्म्यावर आणले. अट अशी की लाभ घेणाऱ्याने ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी भरायची. ग्राहकाचा काही फायदा झाला, नाही असं नाही. पण प्रीमियममध्ये महापालिकेचाही वाटा असतो, म्हणजे निर्णय मुंबईत आणि खड्डा नाशिकच्या तिजोरीला. माझ्या मते टिफच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच, फक्त तिला हिशेबवही नाही.

तिसरं दार घरपट्टीतल्याच थेट सुटीचं, त्यासाठी राज्याचं २०१५ चं आयटी धोरण बघा. आयटी उद्योगांना घरपट्टी निवासी दराने लावायची तरतूद त्यात होती.

उलट्या दिशेचाही एक कायदा आहे. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यातल्या नगररचना योजनेत रस्ते-बागा झाल्यावर जमिनीची किंमत जेवढी वाढते, तिच्या निम्म्यापर्यंत अंशदान जमीनमालकाकडून घेता येतं. म्हणजे वाढीचा फायदा मालकाकडून शहराकडे. स्मार्ट सिटीवाल्यांनी मखमलाबादला अशी योजना आणली तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांचीही बाजू होती.

आडगाव_नाका

घरपट्टी हा नाशिककरांचा दुखरा भाग आहे हो. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना दर वाढले, मोकळ्या जमिनीवरही कर आला, तर अविश्वास ठरावापर्यंत गाडी गेली. पण त्याच काळात प्रीमियम किती जमा झाला आणि किती सोडून दिला, यावर एक तरी मोर्चा निघाला का? आपण बिलावर दिसतं तेवढ्यावरच भांडतो.

मिशिगनकाठचा

मी शिकागोजवळच असतो, मूळचा सिडकोचा. पाथर्डीकर, तुमचं टिफचं वर्णन बरोबर आहे, एक महत्त्वाची गोष्ट राहिली. इथे शाळा किंवा काउंटी आधी रक्कम ठरवतात की यंदा इतके डॉलर कर गोळा करायचा. मग ती रक्कम मालमत्तांच्या एकूण मूल्यावर वाटून दर निघतो. टिफमधलं वाढीव मूल्य या वाटणीतून बाहेर असतं, त्यामुळे उरलेल्यांचा दर वर जातो. बिल्डरला चेक कोणी दिला ते बातमीत दिसतं, शेजाऱ्याच्या बिलातली वाढ दिसत नाही.

हा प्रकार निघाला कॅलिफोर्नियात, १९५२ मध्ये. त्याच कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये त्यासाठीच्या सगळ्या पुनर्विकास संस्था बंद केल्या, कारण शाळांचा बुडालेला कर राज्याला स्वतःच्या खिशातून भरून द्यावा लागत होता. पण एक कबूल करतो, इथे प्रत्येक टिफ भागाचा वार्षिक अहवाल असतो. किती जमा, किती खर्च, कोणाला, सगळं घरबसल्या वाचता येतं.

पाथर्डीकर_सेक्रेटरी

ओव्हरसियर काका, मिशिगनकाठचे, मनापासून आभार. म्हणजे सभेत सांगायचं की 'घरपट्टी बिल्डरला जाते' हे वाक्य सोडा, रस्ता कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून) झाला ते विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा म्हणतोय. त्यात रस्ता, टीडीआर, प्रीमियम, आमच्या रस्त्याची रखडपट्टी असं सगळं एकदम मागू का?

निवृत्त_ओव्हरसियर

एकदम नको, तिथेच अर्ज परत येतो. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. म्हणून दोन वेगळे अर्ज करा, प्रत्येकाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प.

बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे रस्त्याचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), प्रशासकीय मंजुरी आणि लेखाशीर्ष यांच्या प्रती मागा. नगररचनेकडे त्या रस्त्याच्या जागेचा मोबदला रोख की टीडीआर, त्याचा आदेश, आणि त्या प्रकल्पाने भरलेल्या विकास शुल्काच्या व प्रीमियमच्या चलनांच्या प्रती मागा. विकास शुल्क महत्त्वाचं. ते सार्वजनिक सोयींसाठीच घेतात, तेव्हा प्रकल्पाने भरलेलं शुल्क आणि रस्त्याचा खर्च शेजारी शेजारी मांडले की बिल्डरने रस्त्याचे पैसे दिले की तुम्ही, याचा बराचसा उलगडा होईल.

'का केला', 'आधी का केला' असं काही लिहू नका. कारणं विचारली की 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर तयारच असतं. कागदाची प्रतच मागायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा. सर्व्हे नंबर मात्र सातबारावरून बघून अचूक टाका, 'मागचा रस्ता' म्हटलं तर ते तुम्हाला भलताच रस्ता दाखवतील.